रोमला जातोय, इटलीत पडलेल्या पणजोबांचं नाव कुठल्या स्मारकावर आहे ते कसं शोधायचं?

लालबागचा नातू

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी रोमला जातोय. सोमवार ते गुरुवार काम आहे, परतीचं विमान रविवारी पहाटेचं. शुक्रवार आणि शनिवार मोकळे. बरोबरचे सगळे व्हेनिसला चाललेत. मला त्या दोन दिवसांत आजीचं एक काम करायचंय, त्यासाठी इथे विचारतोय.

आजी म्हणजे आईची आई. वय ८२, आमच्याकडेच असते. मूळची माणगाव तालुक्यातली. तिचे वडील मराठा पलटणीत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले. आजी तेव्हा पाच महिन्यांची. बापाने लेकीला पाहिलं नाही, लेकीने बापाला पाहिलं नाही. फोटोही नाही.

गावात तार आली, पण पणजीने ती मानली नाही. माणूस दिसला नाही, राख दिसली नाही, मग कसं मानायचं, असं ती म्हणायची. तिने बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. शेवटी भावकीने बसून ठरवलं आणि पालाशविधी केला. पळसाच्या पानांचा माणूस करून नदीकाठी त्याला अग्नी दिला. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, तिने ते पाहिलंय. अजून सांगते, की पानं ओली होती, जळता जळत नव्हती, नुसता धूर होत होता.

मी इटलीला जातोय म्हटल्यावर ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी डबा भरत होतो तेव्हा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला तिकडचं काय आणू नको. माझ्या बाबाला अग्नी मिळाला का, तेवढं विचारून ये."

घरात दोनच गोष्टी शिल्लक आहेत. एक पेन्शनचा कागद, घडीवर फाटलेला. त्यावर नंबर, शिपाई, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, डिसेंबर १९४३, मग 'सी.एम.एफ.' आणि शेवटी 'कोलाबा' एवढं वाचता येतं. या कोलाब्यामुळे मामा कितीतरी वर्षं कुलाब्याच्या छावणीत चौकशीला जायचा. दुसरी गोष्ट म्हणजे एक सहा टोकांचा पितळी तारा. त्याची फीत जुनाट झालीय, पण लाल, पांढरा आणि हिरवा रंग कळतो. आजी तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवते आणि दसऱ्याला पुसते.

हे नाव नेमकं कुठल्या जागी आहे हे कसं शोधायचं? कबर असेल का? रोमहून दोन दिवसांत जाऊन येण्यासारखं आहे का? आणि तिथे गेल्यावर काय करावं, काय नेलेलं चालतं? कुणी गेलं असेल तर जरूर सांगा.

---

माजी सुभेदार, कल्याण

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. तुमचा मजकूर दोनदा वाचला.

आधी कागदाबद्दल. सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स, इटलीत लढणाऱ्या फौजेचं नाव. 'कोलाबा' हा जिल्हा आहे. रायगड जिल्ह्याचं १९८१ पर्यंतचं नाव तेच. सगळ्या जुन्या लष्करी कागदांत माणगाव, महाड, रोहा कोलाब्यातच लिहिलेलं असतं. '५ वी मराठा' हे रेजिमेंटचं नाव, पलटणीचा नंबर त्याच्या आधी असतो. इटलीत आपली पहिली पलटण ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये आणि तिसरी १० व्या डिव्हिजनमध्ये होती. १० वी डिव्हिजन तिथे १९४४ मध्ये पोहोचली. म्हणजे डिसेंबर १९४३ ची तारीख असेल तर तुमचे पणजोबा बहुधा पहिल्या पलटणीचे, जंगी पलटणीचे.

तारा आहे तो 'इटली स्टार'. फितीचे रंग इटलीच्या झेंड्याचेच आहेत. आजींना सांगा, फडक्याने हलकं पुसा, चिंच किंवा पावडर लावू नका.

त्या वर्षी नोव्हेंबरात सांग्रो नावाच्या नदीला पूर आला होता. नदीपलीकडच्या टेकड्यांवर जर्मन पक्के बसलेले. ८ व्या डिव्हिजनने नदी ओलांडून त्या टेकड्या घेतल्या आणि डिसेंबरभर चिखलातून पुढे सरकत राहिली. तुमची तारीख त्याच दिवसांतली आहे.

नाव शोधायला 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन'ची वेबसाइट उघडा. ही संस्था १९१७ पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या जागा सांभाळते, सतरा लाख माणसांच्या नोंदी आहेत. पूर्ण नाव टाकून शोधू नका, सापडणार नाही. त्या वेळच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलंय. आडनावाचं स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. देश इटली, साल १९४३, रेजिमेंट मराठा, तेही त्या वेळच्या स्पेलिंगने, मधे 'एच' घालून. सर्व्हिस नंबर वाचता येत असेल तर थेट तोच टाका. नोंद मिळाली की खाली बहुतेक वेळा बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. त्यावरून खात्री होईल.

कबर बहुधा नसेल. आपल्या हिंदू शिपायांची नावं इटलीत दोन प्रकारे आहेत. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांची नावं कासिनोच्या स्मारकावर. आपल्या माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचंही नाव कासिनोला आहे, कबर नाही. दुसरा प्रकार म्हणजे ज्यांचं रणावरच दहन झालं त्यांची वेगळी स्मारकं. आजींचा प्रश्न त्यातच सुटेल. कुठल्या स्मारकावर नाव आहे तेवढं नीट बघा.

आणखी एक सांगतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपले मराठे कूतच्या वेढ्यात अडकले, उपाशी राहिले, कैदेत मेले. तिकडच्या बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचे फक्त आकडे. २०२१ मध्ये कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली. इटलीत शिपायाचंही नाव आहे. तुमच्या पणजोबांचं नाव दगडावर असणार, म्हणून जा.

---

लालबागचा नातू

सुभेदारसाहेब, सापडलं!

रात्री साडेबारापर्यंत बसलो होतो. आडनाव ज्या स्पेलिंगने मिळालं ते मी जन्मात लावलं नसतं, नंबरवरूनच लागलं. खाली पणजीचं नाव, गावाचं नाव, 'कोलाबा'. गावाच्या नावात एक अक्षर चुकलंय, पण आमचंच.

स्मारकाचं नाव 'सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल'.

आजीला अजून सांगितलेलं नाही. आई म्हणते, आधी डोळ्यांनी बघून ये, मग सांग.

---

निवृत्त बाई, दादर

बाळा, मी तिथे जाऊन आलेय. २०१८ च्या ऑक्टोबरात. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ तिथे आहेत. ते गेले असं न म्हणता घरात आम्ही सगळे 'तिथे आहेत' असंच म्हणतो.

आधी रस्ता. ही जागा रोमच्या बरोबर पलीकडे, पूर्व किनाऱ्याला आहे. गावाचं नाव तोरिनो दि सांग्रो. तिकीट काढताना डोळ्यांत तेल घालून बघ, कारण नुसतं 'तोरिनो' म्हणजे ट्यूरिन, ते उत्तरेला दुसऱ्याच टोकाला आहे. रोमच्या तिबुर्तिना स्टेशनजवळून पेस्काराला बस जाते, डोंगरांतून, तीन तास धर. पेस्काराहून समुद्राच्या कडेने दक्षिणेला जाणारी लोकल गाडी घे. स्टेशनवरून दफनभूमी वर टेकडीवर आहे आणि स्टेशनबाहेर रिक्षा उभी असेल अशा भरवशावर राहू नकोस. मी पेस्काराच्या हॉटेलवाल्याला सांगून टॅक्सी ठरवली, तिथे तासभर थांबायची बोली करून. एका दिवसात जाऊन येणं होईल, पण धावाधाव होईल. शुक्रवारी पेस्काराला मुक्काम कर.

आता नेण्याच्या वस्तू. मी माहेरच्या अंगणातली माती पुडीत बांधून घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी मुलाने नियम वाचून दाखवला की युरोपात बाहेरची माती नेता येत नाही. रोपं, पानंसुद्धा सर्टिफिकेटशिवाय नाहीत, म्हणजे तुळसही नाही. दुधाचंही काही चालत नाही, म्हणून तुपाचं निरांजन आणि पेढे राहिले. नारळाला मात्र बंदी नाही. पण मुंबईहून ओझं नेऊ नकोस. रोमच्या तेर्मिनी स्टेशनपासून चालत एस्क्विलिनोचा बाजार आहे, तिथे आपल्याकडचं सगळं मिळतं. आणि आजींनी तिकडची माती मागितली तर तीही आणता येत नाही, आपल्याकडेही तसाच नियम आहे. तिथे जाऊन मन मोडण्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं.

ही जागा बघशील तेव्हा आधी पांढरे दगडच दिसतील. टेकडीच्या उतारावर रांगाच रांगा, अडीच हजारांवर. भोवती ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे. गोरा साहेब असो की शिपाई, दगडाची उंची एकच. आपल्या मुसलमान शिपायांच्याही कबरी आहेत, त्यांच्यावर अरबी ओळ कोरलेली आहे. मी त्या सगळ्या रांगांतून फिरले आणि वयं वाचत गेले. १९, २०, २२. मी छत्तीस वर्षं नववी-दहावीला शिकवलं. शाळा सोडून दोन-तीन वर्षंच झालेली मुलं ती.

दहन झालेल्यांचं स्मारक त्याच आवारात आहे. पाचशेहून जास्त नावं आहेत. इटलीत अशी स्मारकं तीनच, सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी. मला नाव लवकर मिळेना, चष्मा काढून पुसून परत बघत होते. तिथे एक माळीबुवा कात्रीने दगडांच्या कडेचं गवत कापत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. मी कागदावर लिहिलेलं नाव दाखवलं. त्यांनी बोटाने ओळीओळीने उतरत नेलं आणि एका ठिकाणी बोट थांबवलं. मी फोटो काढायला लागले तर उन्हात अक्षरं उठत नव्हती. त्यांनी हाताने थांबा म्हटलं, बाटलीतलं पाणी फडक्यावर घेऊन ते एकच नाव ओलं केलं. ओली अक्षरं गडद झाली, बाजूची सगळी फिकी राहिली. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे.

तू काय करावंस हे मी सांगणारी कोण? पण दगडावर हळदकुंकू लावू नकोस, तेल लावू नकोस. तो दगड डाग पिऊन घेतो आणि शेजारी दुसऱ्याच्या बापाचं नाव असतं. नारळ दगडावर फोडू नकोस. मी हिरवळीवर बसून ओंजळीने तीनदा पाणी सोडलं, नाव आणि गोत्र मनात म्हटलं. यजमानांनी फोनवरून सांगितलं तेवढंच केलं. पुरेसं वाटलं.

भिंतीत एक धातूचं झाकण असलेलं छोटं कपाट दिसेल. त्यात नोंदवही असते आणि भेटीला येणाऱ्यांनी लिहायची वही. वहीत मराठीत लिही. मी मागची पानं चाळली, एकही देवनागरी ओळ दिसली नाही.

पेन घेऊन जा. तिथलं चालत नव्हतं.

---

हर्णैचा

सलाम. विषय इटलीचा आहे, पण एक गोष्ट लिहावीशी वाटली. तुम्ही लालबागला राहता म्हणून खास.

माझे पणजोबा दर्यावर होते. दापोली, हर्णै, रत्नागिरीकडचे कितीतरी लोक तेव्हा इंग्रजांच्या मालवाहू बोटींवर असायचे. कुणी सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, कुणी त्याच्या हाताखालचा टिंडेल, कुणी भंडारी म्हणजे स्वयंपाकी. पणजोबा आगवाला होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. टॉरपीडो लागला की सगळ्यात खालच्या मजल्यावरचा आगवाला वर येऊ शकत नाही, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. त्यांना कफन नाही, कबर नाही. आम्ही फातेहा पढतो तेव्हा समुद्राकडे तोंड करून बसायची माझ्या दादीला सवय होती.

त्यांच्यासारख्यांचं स्मारक परदेशात नाही, मस्जिद बंदरला आहे. स्टेशनजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारी आणि व्यापारी बोटींवरच्या सहा हजारांहून जास्त लोकांचीही नोंद आहे आणि तशीच दुसरी प्रत चितगावला. मी पंधरा वर्षं मस्जिदच्या पुलावरून माल उचलायला जात होतो आणि मला पत्ता नव्हता. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी टेम्पो बाजूला लावून आत गेलो. माणसाने विचारलं, काय काम? मी म्हटलं, घरचा माणूस आहे आत.

तुम्ही परत आल्यावर आजीला घेऊन या. लालबागहून जवळ आहे, मी येईन न्यायला. तिच्या बापाचं नाव तिथे नाही, पण त्याच लढाईतले लोक आहेत.

आणि इटलीत तुमच्या पणजोबांच्या शेजारी जे मुसलमान शिपाई आहेत, त्यांच्यासमोर एक मिनिट माझ्या वतीने थांबा.

---

लालबागचा नातू

परवा परतलो. सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, पण सगळ्यांना मिळून इथेच लिहितो.

बाईंनी सांगितलं तसाच गेलो. पेस्काराला मुक्काम, शनिवारी सकाळी टॅक्सी. एस्क्विलिनोच्या बाजारात नारळ मिळाला, दुकानदार सिल्हेटचा होता. कशासाठी हवा म्हणाला, मी सांगितलं, तर त्याने पैसे घेतले नाहीत.

माळीबुवा कुणी दिसले नाहीत. मीच रुमाल ओला केला. नाव सापडायला दहा मिनिटं लागली असतील, मला फार वाटली. आडनावाचं स्पेलिंग वेबसाइटवर होतं तेच चुकीचं, दगडावरही तेच. त्यावरून बोट फिरवताना चूक वाटली नाही.

तिथे साडेअकरा वाजले होते, म्हणजे मुंबईत तीन. आईने आजीला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, मांडीवर तो तारा. व्हिडिओ कॉल लावला. आधी तिला काही दिसेना, नुसतं आभाळ दिसतंय म्हणाली. मग मी मोबाइल नावाजवळ नेला आणि मोठ्याने वाचलं. आईने तिला समजावून सांगितलं की या स्मारकावर फक्त त्यांचीच नावं आहेत ज्यांचं दहन झालं.

आजी बराच वेळ गप्प होती. मला वाटलं कॉल कट झाला. मग म्हणाली, "म्हणजे त्याला आधीच दिला होता. आम्ही ती पानं जाळली त्याच्या बारा वर्षं आधी." आणि मग, "कोणी दिला असेल रे?"

मी म्हटलं, पलटणीतल्यांनीच. तिने विचारलं, लाकडं कुठून आणली असतील पावसाची? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सुभेदारसाहेब, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा, ती अजून विचारतेय.

हिरवळीवर पाणी सोडलं. नारळ फाटकाबाहेर फोडला, टॅक्सीवाल्याला अर्धा दिला. हर्णैचे भाऊ, तुमच्यासाठी थांबलो, एक मिनिट नाही, त्या पूर्ण रांगेतून चालत गेलो. पुढच्या रविवारी आजीला मस्जिद बंदरला आणतो, तुमचा नंबर मला मेसेज करा.

वहीत मराठीत लिहिलं. माझं नाव, आजीचं नाव, गाव आणि तालुका.

फोन ठेवायच्या आधी आजीने विचारलं, "त्याच्या वर कोण आहे? खाली कोण आहे?" मी दोन्ही नावं वाचली. दोघेही मराठा पलटणीचेच. तिने गावं विचारली, म्हणून मी भिंतीतली नोंदवही काढून शोधली. खालच्या नावापुढे घरच्यांची माहितीच नाही, कोरी जागा आहे. वरच्या नावापुढे बापाचं नाव आहे, बायकोचं आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं एक गाव आहे.

त्या दोन्ही नावांचेही ओले करून फोटो काढून आणलेत. पाटणकडचं कुणी इथे वाचत असेल तर मला मेसेज करा, गावाचं आणि माणसाचं नाव कळवतो. आजीने सांगितलंय की त्यांच्या घरी फोटो आपण स्वतः नेऊन द्यायचा, पोस्टाने नाही.